सात फुटांचे कौतुक

आमच्या वृत्तपत्रांना ‘पहिला भारतीय’ या दोन शब्दांचे जडलेले वेड आता इतके जुने झाले आहे की, त्यास व्यसन म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. परदेशात कोणी भारतीय, किंवा ज्याच्या आजोबांनी कधी काळी भारत सोडला असा कोणी, कुठल्याही पायरीवर उभा दिसला की त्याच्या मस्तकी ही पगडी चढवायची, दोन दिवस त्याची पालखी मिरवायची, आणि तिसऱ्या दिवशी पालखी वाटेतच टेकवून नव्या उत्सवमूर्तीच्या शोधास निघायचे, असा हा परिपाठ आहे. पालखीत बसलेल्या माणसाचे पुढे काय होते, याची चौकशी कोणी करीत नाही. ती एका प्रकरणापुरती करावी असे आम्ही योजिले आहे. प्रकरण बास्केटबॉलचे आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हा खेळ शाळेच्या पटांगणापलीकडे पाहिला नसेल. परंतु त्यात गुंतलेला प्रश्न, ज्या घरात अभ्यासापेक्षा मैदानाकडे ओढा असलेले मूल आहे, त्या प्रत्येक घराचा आहे.

२५ जून २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अमेरिकेच्या एन.बी.ए. या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेची वार्षिक खेळाडू-निवड झाली. तिला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. ३० संघ, दोन फेऱ्या आणि एकूण ६० नावे. त्यांतील ५२ वे नाव पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातील बल्लो के या खेड्यात जन्मलेल्या सतनामसिंग भमरा या १९ वर्षांच्या मुलाचे होते. उंची ७ फूट २ इंच. डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याचे नाव घेतले. भारतात जन्मलेल्या खेळाडूचे नाव या निवडीत येण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी आमच्या देशातील बातम्यांची भाषा जणू ब्रह्मांड ठेंगणे झाल्याची होती. त्याच्यावर पुढे जो चित्रपट निघाला त्याचे नावही ‘वन इन अ बिलियन’, म्हणजे अब्जातला एक, असे ठेवण्यात आले. या नावाचा कोणास अभिमान वाटला असेल. आम्हांस मात्र त्यातील हिशेबच चमत्कारिक वाटला. शंभर कोटींतून एकच निघाला, हे त्या एकाचे भूषण असेल. उरलेल्या शंभर कोटींनी ते मिरवावे असे त्यात काय आहे?

त्या दिवशी ज्या गोष्टी ठळक अक्षरांत छापावयास हव्या होत्या त्या कोणी छापल्या नाहीत, म्हणून येथे देतो. पहिल्या फेरीत निवडलेल्या ३० जणांना कराराची हमी असते. दुसऱ्या फेरीतल्यांना ती नसते. संघाला त्या खेळाडूवर पहिला हक्क मिळतो. खेळाडूच्या पदरात काय पडेल ते संघाच्या मर्जीवर. त्या हंगामात एन.बी.ए.तील नवख्या खेळाडूचे किमान वेतन ५ लाख २५ हजार डॉलर होते, आणि तिच्याच आश्रयाने चालणाऱ्या डी-लीग नावाच्या दुय्यम स्पर्धेत साऱ्या हंगामाचे वेतन साधारण १३ हजार ते २६ हजार डॉलर. सतनामचा मुक्काम दुय्यम स्पर्धेत पडला. ज्यांनी त्याला रातोरात कोट्यधीश ठरविले, त्यांनी ही दोन टोके शेजारी ठेवून पाहिली असती तर निदान त्या खेड्यातल्या माणसांची दिशाभूल झाली नसती.

गमतीचा भाग असा की, ‘पहिला भारतीय’ त्या वर्षी अडीच-तीन महिन्यांत दोनदा झाला. एप्रिल २०१५ मध्ये टोरांटोत जन्मलेला, पंजाबी आईबापांचा, ७ फूट ५ इंच उंचीचा सिम भुल्लर हा सॅक्रमेंटो किंग्ज संघातून एन.बी.ए.च्या सामन्यात उतरला होता. त्या संघाचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे; तेव्हा मराठी पत्रांच्या आनंदास आणखीच भरते आले. भुल्लर तीन सामन्यांत काही मिनिटे खेळला आणि पुढे तैवानात जाऊन त्याने आपली खरी कारकीर्द केली. तैवानातल्या त्या वर्षांची बातमी आमच्याकडे कोणास हवी होती? तो जोवर ‘पहिला’ होता तोवरच तो भारतीय होता.

आता सतनामच्या वाटचालीकडे वळू. वडील शेतकरी, पिठाची गिरणीही चालवीत. तेही उंचीने सात फुटांच्या वर. त्यांना स्वतःला खेळण्याची हौस होती, पण घरच्या वडीलधाऱ्यांनी शेती सोडू दिली नाही. आपली अपुरी राहिलेली इच्छा त्यांनी मुलाच्या ठायी पाहिली, घराशी बास्केट उभारून दिली, आणि मुलगा हाती लागेनासा उंच होऊ लागला तसे त्याला लुधियानाच्या बास्केटबॉल प्रबोधिनीत घातले. ही प्रबोधिनी गुरु नानक स्टेडियमच्या बंदिस्त सभागृहात चाले. पंजाबभरातून निवडलेली उंच पोरे तेथे एकत्र राहत, खेळत, शिकत. प्रशिक्षक एस. सुब्रमण्यम यांच्या हाताखालून राष्ट्रीय दर्जाचे कितीतरी खेळाडू निघाले. आमच्या मते या साऱ्या कथेतील खरोखर गौरवावे असे स्थळ हेच. कारण येथे कोणी एक मुलगा नव्हता, मुलांची एक पिढी होती, आणि ती एकमेकांशी रोज झुंजत होती.

२०१० साली, वयाच्या १४ व्या वर्षी, सतनाम अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ब्रेडेन्टन येथील आय.एम.जी. अकादमीत शिष्यवृत्तीवर गेला. इंग्रजी येत नव्हते, जेवण अंगवळणी पडत नव्हते. एवढ्या लहान वयात घर सोडून त्याने जे सोसले त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे, आणि पुढे आम्ही जे म्हणणार आहोत त्यात त्याच्याविषयी एकही उणा शब्द नाही. परंतु तेथे काय घडले ते पाहावे. सात फुटांचा मुलगा शाळकरी सामन्यांत उतरला की त्याला बास्केटखाली नुसते उभे राहिले तरी पुरते. प्रतिस्पर्धी त्याच्या खांद्यापर्यंत पोहोचत नाहीत. ज्याला रोज आपल्याहून चांगल्या गड्याशी गाठ पडत नाही, त्याचे पाय शिकत नाहीत. पाच वर्षे गेली. मधल्या काळात २०११ साली, वयाची १६ वर्षेही भरली नसताना, तो भारतीय संघातून आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत खेळला. म्हणजे त्याला मोठ्यांशी झुंजण्याची संधी मिळाली ती देशाच्या संघात, वर्षा-दोन वर्षांनी काही दिवस. एरव्ही शाळा.

आणि दैव असे की, ज्या महिन्यात त्याचे नाव पुकारले गेले त्याच महिन्यात त्याचा खेळ जुना झाला. १६ जून २०१५ रोजी गोल्डन स्टेट वॉरिअर्स या संघाने एन.बी.ए.चे अजिंक्यपद जिंकले, ते आपला उंच सेंटर बाहेर बसवून, चपळ आणि तुलनेने ठेंगण्या पाच जणांना मैदानात उतरवून, दूर अंतरावरून चेंडू टाकीत. नऊ दिवसांनी सतनामची निवड झाली. पुढील वर्षांत सगळेच संघ त्या वाटेने गेले. बास्केटशी पहाड होऊन उभा राहणारा, पण मैदानभर न धावणारा सेंटर ही जातच मग ओसरू लागली. अशा काळात टिकायचे तर नवे शिकावे लागते, आणि नवे शिकण्यासाठी सामन्यात उतरावे लागते. टेक्सास लेजंड्स या डी-लीग संघात सतनामने दोन हंगाम काढले, ते बहुतांशी बाकावर बसून. एन.बी.ए.च्या एकाही साखळी सामन्यात त्याचे पाऊल पडले नाही.

येथे आमचे काही मित्र हसून म्हणतात, ‘अहो, ५२ वे नाव! त्यातून कोण मोठा झाला आहे?’ या मित्रांसाठी एक उदाहरण देतो, आणि ते सवडीने वाचावे अशी विनंती आहे. सतनामचा जन्म डिसेंबर १९९५ चा. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्बिया देशातील सोंबोर या गावी निकोला योकिच नावाचा मुलगा जन्मला. २०१४ च्या निवडीत त्याचे नाव ४१ वे आले. हेही दुसऱ्याच फेरीतले. ते दूरचित्रवाणीवर दिसले तेव्हा पडद्यावर एका खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती, इतकी त्याची किंमत! तो काही लगोलग अमेरिकेस धावला नाही. बेलग्रेडच्या मेगा नावाच्या क्लबात तो आणखी एक हंगाम खेळला. पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील देशांचे क्लब २००१ सालापासून एक संयुक्त साखळी चालवितात, तिच्यात आठवड्यागणिक, मुरलेल्या पुरुष खेळाडूंशी तो झुंजला, आणि २०१५ साली त्या साखळीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. मग डेन्व्हरला गेला. २०२१, २०२२ आणि २०२४ या तीन वर्षी एन.बी.ए.चा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. २०२३ साली त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. तोही उड्या मारण्यात चपळ नाही, धावण्यात तर नाहीच. सर्बियाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आत आहे. आमच्या एका मोठ्या शहरात मावेल एवढी.

सतनाम योकिच झाला असता असे आम्ही म्हणत नाही. तशी प्रतिभा पिढीत एखाद्याच्याच वाट्यास येते. आमचे म्हणणे अगदी साधे आहे. योकिचची प्रतिभा एन.बी.ए.त न खपती तरी तो उपाशी राहिला नसता. बेलग्रेडात, झाग्रेबात, माद्रिदात, अथेन्सात त्याने सन्मानाने पंधरा वर्षे खेळून संसार केला असता; त्याच्याहून कितीतरी कमी कुवतीचे शेकडो युरोपीय खेळाडू तसा करीतच आहेत. चीनचे पाहा. याओ मिंग २००२ साली ह्यूस्टनच्या संघाने पहिल्याच क्रमांकावर निवडला, तो त्याआधी पाच हंगाम शांघायच्या क्लबात खेळून आणि त्याच वर्षी त्या क्लबाला चिनी साखळीचे अजिंक्यपद मिळवून देऊन गेला होता. ती साखळी १९९५ पासून चालू होती. या दोघांनी परदेशी जाताना मागे एक घर ठेवले होते. सतनामने मागे काय ठेवले होते?

मागे होता एक दुभंगलेला महासंघ. ज्या २०१५ साली त्याच्या निवडीचे ढोल वाजले, त्याच साली भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या दोन तटांनी दोन वेगळ्या निवडणुका घेऊन दोन वेगळे अध्यक्ष निवडले होते, आणि खरा महासंघ कोणता याचा निर्णय आंतरराष्ट्रीय संघटनेकडे गेला होता. मागे होती खेळाडूंच्या जागेवर मिळणारी सरकारी नोकरी. रेल्वे, पोलीस, तेल महामंडळ, बँका यांनी आमच्या बास्केटबॉलला आजवर जगविले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. त्या नोकरीने कितीतरी गरीब घरांत चूल पेटती ठेवली. पण नोकरी म्हणजे खेळ नव्हे. वर्षातून थोड्या आठवड्यांच्या स्पर्धा, बाकीचा काळ सराव आणि हजेरीपट. ‘यू.बी.ए.’ नावाची एक खासगी साखळी २०१५ साली निघाली आणि २०१७ नंतर तिचा मागमूस राहिला नाही. महासंघाची स्वतःची पाच-पाच जणांची साखळी उभी राहण्यास २०२२ साल उजाडावे लागले. सहा शहरांचे सहा संघ, आणि पहिला हंगाम २०२३ च्या जानेवारीत संपला. तोपर्यंत सतनामचे बास्केटबॉलमधले आयुष्य संपून गेले होते.

आता दुसरे आक्षेपक पुढे येतात. ते म्हणतात, हा खेळ आमच्या हाडामांसात नाही. आमची शरीरयष्टी निराळी, आहार निराळा. हे ऐकले की आम्हांस त्या माणसांची आठवण होते, जी स्वतःच्या आळसाचे खापर पूर्वजांवर फोडतात. जुलै २०१४ मध्ये, चीनमधीलच वुहान येथे, भारतीय संघाने आशिया चषकात यजमान चीनला ६५–५८ असे हरविले. ती मुले याच हाडामांसाची होती. त्यांपैकी अमृतपालसिंग अमृतसर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. ज्या वयात युरोपातली मुले व्यावसायिक करार करतात त्या वयात त्याने हा खेळ नुकता हाती धरला होता. पुढे तो आणि त्याचा सहकारी अमज्योतसिंग जपानमधील टोकियोच्या संघाकडून खेळले. अमृतपाल २०१७-१८ च्या हंगामात ऑस्ट्रेलियाच्या सिडनी किंग्जकडे गेला, अमज्योत त्याच हंगामात अमेरिकेत ओक्लाहोमाच्या दुय्यम संघात. वाराणसीचा विशेष भृगुवंशी २०१७ साली अ‍ॅडलेडच्या संघाबरोबर सराव करून आला. एवढी धडपड, आणि प्रत्येकाची मुदत एका-दोन हंगामांची.

गीतू अ‍ॅना जोस यांचे नाव तर या यादीत सर्वांआधी घ्यावयास हवे. केरळातील कोट्टयमच्या, दक्षिण रेल्वेच्या नोकरीत राहून खेळलेल्या या बाईंनी २००६ ते २००८ या काळात ऑस्ट्रेलियातील रिंगवुड हॉक्स या क्लबातून खेळून तेथील प्रेक्षकांची वाहवा मिळविली. २०११ साली अमेरिकेतील स्त्रियांच्या व्यावसायिक साखळीतल्या शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनिओ या तीन संघांनी त्यांना चाचणीसाठी बोलाविले. निवड झाली नाही. वय तेव्हा २५. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०१४ साली. स्त्रियांमध्ये त्यांच्या तोडीची सेंटर आमच्याकडे क्वचितच झाली, असे जाणकार मानतात. तरीही पालखी सात फुटी मुलाचीच निघाली, बाईंची निघाली नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो. कौतुक खेळाचे नसून मापाचे होते, याला याहून निराळा पुरावा नको.

आमच्या गोव्याकडील वाचकांना अग्रशाळा ठाऊक आहे. यात्रेकरू येतो, दोन रात्री उतरतो, प्रसाद घेतो, निघतो. अग्रशाळेची सोय कितीही उत्तम असली तरी तेथे कोणाचा संसार होत नाही. भारतीय बास्केटबॉलपटूची परदेशी कारकीर्द ही अशा अग्रशाळांची रांग आहे. टोकियो, सिडनी, टेक्सास, ओक्लाहोमा. जाणाऱ्याचा यात काही दोष नाही. परतायला घर नसेल तर माणूस अग्रशाळाच शोधीत फिरणार.

घर असले म्हणजे काय होते, हे आम्हांस सर्बियाकडे पाहूनच कळावे असे नाही. गोव्यात धेंपे आणि साळगावकर या उद्योग-घराण्यांनी फुटबॉलचे संघ पदरी बाळगले. धेंपो संघाने २००५ ते २०१२ या आठ वर्षांत पाच वेळा राष्ट्रीय साखळीचे अजिंक्यपद गोव्यात आणले. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक साळगावकर संघातून खेळत देशाचा कर्णधार होऊ शकला, त्याला नशीब काढण्यास सातासमुद्रापार जावे लागले नाही. आणि घर मोडले म्हणजे काय होते तेही आम्ही पाहिले आहे: २०१६ साली, साखळीच्या पुनर्रचनेवरून महासंघाशी बिनसले तेव्हा, गोव्याचे हे दोन्ही संघ राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले.

किंवा कबड्डी घ्या. २०१४ च्या जुलैत प्रो-कबड्डीची साखळी सुरू झाली. त्याआधी कबड्डीपटू म्हणजे रेल्वेतला किंवा पोलिसातला एक कर्मचारी, ज्याचे नाव गावच्या जत्रेतल्या सामन्यापुरते लोकांच्या तोंडी. दहा वर्षांच्या आत चित्र असे पालटले की, इराणचा फझल अत्राचली हा पकडपटू मुंबई, पाटणा, गुजरात अशी मजल-दरमजल करीत २०२२ साली १ कोटी ३८ लाख रुपयांस पुण्याच्या संघात आला. येथे परदेशी जाणारा इराणी आहे, आणि ज्याचे दार तो ठोठावतो ते घर आमचे आहे. आमच्या वर्तमानपत्रांनी त्याच्या देशात ‘पहिला इराणी’ म्हणून काय छापून आले ते कधी पाहिले आहे काय? पाहिले असते तर आपण सतनामविषयी छापतो ते कसे दिसते, याची त्यांना थोडी कल्पना आली असती.

सतनामची पुढली हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगावयास आम्हांस आनंद होत नाही. २०१८-१९ च्या हंगामासाठी तो कॅनडातील राष्ट्रीय साखळीत, अटलांटिकच्या काठच्या सेंट जॉन्स शहरातील ‘एज’ या संघाकडे गेला. ‘पहिला भारतीय’ येथेही तोच. पण एव्हाना ढोलवाल्यांचे हात दमले होते. ऑक्टोबर २०१९ च्या ४ आणि ५ तारखेस एन.बी.ए.चे दोन संघ, रणदिवे यांचे सॅक्रमेंटो आणि इंडियाना, मुंबईस येऊन प्रदर्शनी सामने खेळून गेले. भारतभूमीवरील हे पहिलेच. मोठा समारंभ झाला. त्यानंतर फार काळ उलटला नाही तोच बातमी आली की, बंगळूर येथे दक्षिण आशियाई स्पर्धेच्या पूर्वतयारीच्या शिबिरात घेतलेल्या उत्तेजक-चाचणीत सतनाम अडकला. आढळलेले द्रव्य हायजेनामाइन. अनेक पूरक चूर्णांतून आणि गोळ्यांतून ते सापडते. डिसेंबर २०२० मध्ये त्याला दोन वर्षांच्या बंदीची शिक्षा झाली, ती १९ नोव्हेंबर २०१९ पासून मोजली गेली. नियम तो नियम. शिक्षा भोगली, विषय संपला. पण ज्या स्तंभांनी त्याच्या पायातल्या बुटाचे मापही कौतुकाने छापले होते, त्या स्तंभांना या वेळी ‘एन.बी.ए.त निवडला गेलेला पहिला भारतीय’ हे विशेषण नेमके आठवले. चढविलेली पगडी उतरविताना ती सर्वांना दिसली पाहिजे, असा हा न्याय.

२०२१ च्या सप्टेंबरात सतनामने अमेरिकेतील ऑल एलीट रेसलिंग या व्यावसायिक कुस्ती-कंपनीशी करार केला आणि एप्रिल २०२२ मध्ये तो रिंगणात दिसला. यावर आमच्याकडे फार नाके मुरडली गेली. कुस्ती खोटी, निकाल आधी ठरलेला, ‘देशाचा खेळाडू तमासगीर झाला’ वगैरे. आम्ही विचारतो, त्याने करावे तरी काय? सात फूट दोन इंच हे एकच भांडवल ज्याचे म्हणून साऱ्या देशाने वाखाणले, त्याने त्या भांडवलाचा बाजारभाव जिथे मिळेल तिथे घेतला. आपण सर्वांनी मिळून त्याच्याकडे जत्रेतल्या हत्तीसारखे पाहिले. कुस्तीवाल्यांनीही तेच पाहिले. फरक एवढाच की, त्यांनी त्याचे पैसे मोजले. नाके मुरडणाऱ्यांना जर खरोखरच लाज वाटत असेल, तर तिची जागा रिंगणात नाही. देशात एवढ्या महानगरपालिका, एवढी विद्यापीठे, एवढे उद्योगपती असता, उंच मुलास वर्षभर पोटापाण्यापुरते बास्केटबॉल खेळता येईल असे एकही ठिकाण त्याच्या उमेदीच्या काळात कोणी टिकवून धरू शकले नाही. ती लाज तिथे वाटावी.

लुधियानाच्याच त्या सभागृहातून पुढे प्रिन्सपालसिंग नावाचा मुलगा निघाला. २०१७ साली दिल्लीजवळ उघडलेल्या एन.बी.ए.च्या प्रबोधिनीत, मग ऑस्ट्रेलियात, मग २०२०-२१ च्या हंगामात अमेरिकेच्या दुय्यम साखळीत असा तो गेला. २०२१ च्या उन्हाळी स्पर्धेत सॅक्रमेंटोच्या विजयी संघातही होता. अपेक्षेप्रमाणे तेव्हाही ‘पहिला भारतीय’ छापून आले. असे मथळे यापुढेही येतील, आणि ते येऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. संपादक-बंधूंकडे आमची मागणी लहानशी आहे: त्या मथळ्याखाली, त्याच टाइपात, दोन आकडे छापावेत. त्या मुलाने गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती मिनिटे मैदानावर घालविली, आणि तो उद्या परत आला तर येथे किती आठवडे खेळून मिळवू शकेल. आणि आईबापांनी, गावात सत्काराचा मंडप घालू पाहणाऱ्या मंडळींनी व कार्यकर्त्यांनी, हार घालण्यापूर्वी एवढे दोन आकडे विचारून घ्यावेत.